त्यानं तुझी चिठ्ठी वाचली का?

जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन शो झाले. १८, १९ आणि २१ तारखेला. मी तिसऱ्या शोला होतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. सप्टेंबरमध्ये तिकिटं निघाली तेव्हा एक कोटीहून जास्त लोक एकाच वेळी रांगेत होते. माझा नंबर लाखांत होता. तिकीट मिळालं ते रूममेटच्या नशिबानं.

त्यानंतरच्या आठवड्यात मी गावी गेलो. आमचं गाव केदारखेडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. जालन्याहून भोकरदनला निघालात की राजूरच्या गणपतीनंतर लागतं. रात्री जेवणं झाल्यावर अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोनवर व्हिडिओ दाखवले. प्रत्येकाच्या मनगटावरचे पट्टे एकदम पिवळे होतात, मग निळे, मग लाल. पहिल्या शोला त्यांचा गायक मराठीत चार शब्द बोलला होता, ती क्लिपही दाखवली. अण्णांनी दोन मिनिटं नीट बघितलं. मग विचारलं, "लई चांगलं हाय. पण त्यानं तुझी चिठ्ठी वाचली का?"

मी हसलो. पन्नासेक हजार माणसं, कुणाची चिठ्ठी अन् कोण वाचणार!

"मग तू गेल्ता हे त्याला कसं कळलं?"

या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नाही. अण्णांनाही ते नको होतं, कारण तोवर त्यांचं सुरू झालं होतं. १९९१चा उन्हाळा. हा उन्हाळा मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलाय, की तो आमच्या घरातलं एखादं भांडं असावा तसा झालाय. या वेळी पहिल्यांदाच मी तो टीकाकाराच्या कानानं ऐकला. चाहत्यांच्या आठवणी आपण 'जुन्या माणसांच्या गप्पा' म्हणून सोडून देतो. पण मराठीतल्या एका फार मोठ्या पॉप संगीताचा इतिहास बराचसा फक्त या गप्पांमध्येच शिल्लक आहे. म्हणून त्या एखादं पुस्तक वाचावं तशा वाचायला हव्यात. म्हणजे प्रेमानं, आणि संशयानंही.

एक हंगाम

१४ एप्रिल १९९१ला बाबासाहेबांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. आदल्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं होतं. आमच्याकडं जयंती एका दिवसात कधीच संपत नाही. एक गाव १४ तारखेला करतं, दुसरं पुढच्या आठवड्यात, तिसरं मे महिन्यात. त्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. गायन पार्ट्या मोजक्या आणि गावं पुष्कळ. सगळ्यांनी एकाच रात्री जयंती केली तर गायक कुठून आणायचे? शिवाय शेजारच्या गावच्या लोकांनाही यायला मिळतं. त्यामुळे एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत गाण्याचा एक हंगामच चालायचा. शताब्दीच्या वर्षी तो जास्तच रंगला.

अण्णा तेव्हा बाविशीचे. सायकलवर डबलसीट बसून त्यांनी त्या हंगामात सात रात्री जागवल्या. आपलं केदारखेडा, राजूर, हसनाबाद, भोकरदन, आणखी कुठं कुठं. रात्री दहाला पेटी लागायची, पहाटे पाचला उतरायची. हार्मोनियम, ढोलक, बँजो, मागं टाळ्या धरणारे चार-पाच कोरसवाले. कव्वालीचा थाट, आणि शब्द बाबासाहेबांचे, रमाईचे, बुद्धाचे. कधी दोन पार्ट्यांचा मुकाबला. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच फेडायचा. लोक जिंकणारा ठरवायचे.

ही परंपरा एका रात्रीत उगवलेली नाही. भीमराव कर्डकांसारख्यांनी १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे केले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला गण-गवळणीचा देव काढला आणि तिथं चळवळीचा निरोप भरला. पुढं वामनदादा कर्डक आले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस आयुष्यभर गावोगाव फिरला आणि त्यानं हजारो गाणी लिहिली. मग प्रल्हाद शिंदे. मंगळवेढ्याचा, कव्वालीत मुरलेला, उंच आणि धारदार गळा. त्यांच्यानंतर त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद, आणि आज नातू आदर्श. एका घराण्यानं तीन पिढ्या लोकांना नाचवलं, रडवलं आणि पंढरपूरच्या वाटेवर चालवलं. पॉप स्टार म्हणायला आणखी काय लागतं?

पाच रुपये आणि एक नाव

अण्णांच्या आठवणींत एक गोष्ट खटकते. सात रात्री जागवलेल्या माणसाला गाणी फारशी आठवत नाहीत. 'लई गाणी म्हणली' एवढंच. त्यांना आठवते ती चिठ्ठी.

पद्धत अशी. वहीच्या कागदावर आपलं नाव, गावाचं नाव आणि हवं ते गाणं लिहायचं. त्यात पाच, अकरा, एकवीस, जमेल ती नोट गुंडाळायची आणि स्टेजवर पोचवायची. गायक दोन कडव्यांच्या मध्ये थांबतो, कागद उजेडाकडं धरतो आणि माईकवर वाचतो, की केदारखेड्याचे आयुष्मान अमुक अमुक यांच्याकडून पाच रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे. कोरस टाळी देतो. मग फर्माईश.

हे लग्नातल्या आहेरासारखं वाटेल. पण ते वाचलं जायचं कुठं, हे लक्षात घ्या. कर्ण्याचं तोंड गावाकडं असायचं. ज्या गावात अण्णांच्या वडिलांना आयुष्यभर नुसत्या नावानं, तेही मोडून-तोडून, हाक मारली गेली, त्या गावात रात्री एक वाजता त्यांच्या मुलाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, 'आयुष्मान' लावून, गल्लीगल्लीत ऐकू गेलं. झोपलेल्यांना आणि जागे असून झोपेचं सोंग घेतलेल्यांनाही. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा लोंबकळत होता. १९७८ला ठराव झाला, त्यावरून मराठवाड्यात घरं जळली, आणि नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ला. एका नावासाठी सोळा वर्षं लागलेल्या प्रदेशात माईकवर आपलं नाव ऐकणं ही साधी हौस नव्हती.

म्हणून अण्णांना गाणी आठवत नाहीत आणि चिठ्ठी आठवते, यात स्मरणशक्तीचा दोष नाही. त्या रात्रीचा गाभा तिथंच होता. गाणं वरून खाली येत होतं आणि नाव खालून वर जात होतं. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांनी स्टुडिओत गाणी बसवली तेव्हा यातला एक अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला. आपण या गायकांबद्दल जे काही बोलतो ते त्या उचललेल्या अर्ध्यावरून. आनंद शिंदे म्हटलं की शहरातल्या माणसाला 'पोपट' आठवतो आणि तो हसतो. ते गाणं मजेचंच आहे, हसायला हरकत नाही. पण एखाद्या गायकाचं सगळं मोजमाप एका कॅसेटवरून करणं म्हणजे एखाद्या नटाला त्याच्या जाहिरातीवरून जोखणं.

बी साइड

आता संशयाकडं येतो. अण्णांच्या कथेतलं सगळ्यात मोठं वाक्य हे आहे : "आपल्या गावात प्रल्हाद शिंदे येऊन गेलेत. मी समोर बसून ऐकलंय." माझ्या लहानपणी हे वाक्य मी शाळेत किती वेळा फेकलं असेल!

त्या रात्री शेजारच्या काकांनी टू-इन-वनवर रेकॉर्डिंग केलं होतं. ती कॅसेट आमच्या पेटीत, गोधड्यांच्या खाली, होती. मी ती पुण्याला घेऊन गेलो. जुना वॉकमन मिळवला, वायर लावून लॅपटॉपवर उतरवली. टेपला बुरशी लागली होती. पहिली काही मिनिटं नुसती खरखर. मग जनरेटरचा आवाज, एका लहान मुलाचं रडणं, "मागचे खाली बसा" अशी ओरड. आणि मग गळा. उंच, धारदार, शेवटचा शब्द ओढून सोडून देणारा. माझ्या अंगावर काटा आला.

बी साइडला पार्टीचा माणूस ओळख करून देतो. पार्टी शेजारच्या तालुक्यातली होती. गायकाचं नाव वेगळंच. तो प्रल्हाद शिंदेंची गाणी त्यांच्याच ढंगात म्हणत होता, आणि तसं सांगूनही म्हणत होता.

पुढच्या खेपेला मी अण्णांना ते ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, उगाच केलं. मग म्हणाले, "मग काय झालं? गाणं तर त्यांचंच व्हतं ना."

हे वाक्य मी आधी हरलेल्या माणसाची पळवाट म्हणून ऐकलं. नंतर लक्षात आलं, की त्यात त्या काळच्या स्टारपणाची खरी रचना आहे. १९८०च्या दशकात स्वस्त टेपरेकॉर्डर आणि दहा-वीस रुपयांची कॅसेट खेड्यात पोचली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं 'कॅसेट कल्चर' या १९९३च्या पुस्तकात उत्तर भारताबद्दल हे दाखवलंय, की कॅसेटमुळं मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी सैल झाली आणि बोलींमधलं, जातीजमातींचं, गावोगावचं संगीत बाजारात आलं. आमच्याकडं आणखी एक गोष्ट झाली. कॅसेट आली आणि गावचे गायक तिच्यावरून गळा घोटवायला लागले. मुंबईचा गायक सगळ्या गावांत पोचू शकत नव्हता. त्याची गायकी पोचत होती. प्रत्येक तालुक्यात एक प्रल्हाद शिंदे तयार झाला. लोकांनी त्याला नक्कल म्हटलं नाही. कीर्तनात बुवा तुकारामांचा अभंग म्हणतो तेव्हा 'मूळ गायक कुठाय' असं कोण विचारतं?

कोल्डप्लेच्या चाहत्याला हे पटणार नाही. त्याच्यासाठी तोच माणूस, त्याच अंगानं, समोर असणं म्हणजे सगळं. त्यासाठी तर तो रांगेत उभा राहतो. आमच्या हंगामात उलटं होतं. स्टार कुणीही असेल, ऐकणारा मात्र नेमका पाहिजे. चिठ्ठीवर त्याचं नाव असतं.

तरी एक हिशेब चुकतो तो चुकतोच. अण्णांच्या सांगण्यात तो हंगाम अखंड आहे, रोज कुठं ना कुठं गाणं. पण २१ मे १९९१ला राजीव गांधींची हत्या झाली, देशभर दुखवटा होता. त्या दिवसांत रात्रभर कर्णे वाजले असतील हे मला पटत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ते मधी चार दिवस काय तरी झाल्तं." आठवण आपल्याला न पेलणारा भाग असा 'काय तरी'मध्ये गुंडाळून ठेवते.

मावशी काय सांगते

आणि एक भाग आठवण गुंडाळतही नाही, बघतच नाही. तो मला मावशीनं दाखवला. माझी मावशी आमच्याच गावात दिली आहे. १९९१ला तिचं नवीन लग्न झालं होतं.

तिची आठवण जेवणापासून सुरू होते. पार्टीच्या बारा माणसांचा स्वयंपाक वस्तीतल्या बायांनी केला. भाकरी, आमटी आणि शेवटी गोड भात. भांडी घासून बाया मांडवात आल्या तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि पुढं जागा नव्हती. त्या एका बाजूला, कर्ण्याच्या खांबापाशी बसल्या. पोरं मांडीवर झोपली. तीन वाजता तिला घरी जावं लागलं, कारण पाचला उठून पाणी भरायचं होतं. अण्णांच्या कथेतली पहाट तिनं बघितलेलीच नाही.

"तुझी चिठ्ठी गेल्ती का?"

"बायांच्या कुठं जायच्या चिठ्ठ्या? मालकाच्या नावानं एक गेली."

मी कॅसेट पुन्हा नीट ऐकली. तेवीस नावं आहेत. सगळी पुरुषांची. म्हणजे ज्या गोष्टीला मी वर त्या रात्रीचा गाभा म्हटलं, तो अर्ध्या वस्तीला मिळालाच नव्हता. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं न्यायची यावरून एका वर्षी ताण झाला आणि पुरुष मंडळी रात्रभर बाहेर होती, हेही मला तिच्याकडूनच कळलं. अण्णांच्या सुवर्णकाळात त्याला जागा नाही.

गंमत अशी, की गाणी मात्र मावशीलाच पाठ आहेत. तीन वाजता उठून गेलेल्या बाईला कडवीच्या कडवी येतात, कारण ती नंतर निंदणी-खुरपणीत म्हटली गेली. चालीत थोडा बदल, एखादं कडवं पदरचं. हे नवं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेवाँ यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी त्यात बाबासाहेबांवर ओव्या गायल्यात. स्टेज नाही, माईक नाही, चिठ्ठी नाही. पण ज्याला आपण 'फॅन' म्हणतो, त्याचं यापेक्षा मोठं काम कोणतं? ऐकून घरी जाणारा आणि ऐकून पुढं गाणारा, यात मला दुसरा चाहता जास्त मोलाचा वाटतो. आणि आठवणींच्या बैठकीत त्याला, खरं तर तिला, बोलावलंच जात नाही.

'आता तसं राहिलं नाही'

सगळ्या चाहत्यांच्या आठवणींचा शेवट ठरलेला असतो : आता तसं राहिलं नाही. आता डीजे आलाय, पोरं नुसती नाचतात.

बदल झाला तो खरा. त्याची कारणं पोरांच्या अकलेत नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २०००मध्ये आले. रात्री दहानंतर भोंगा बंद. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. दहाला सुरू होऊन पाचला संपणारी कला या वेळापत्रकात कुठं बसणार? त्यातच २००४च्या उन्हाळ्यात, १५ मेला वामनदादा गेले आणि २३ जूनला प्रल्हाद शिंदे. २६ नोव्हेंबर २०१०ला विठ्ठल उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर, स्टेजवरच कोसळले आणि गेले. एक अख्खी पिढी सहा-सात वर्षांत उठून गेली. त्या रात्रींचं चांगलं चित्रीकरण शोधायला गेलात तर हाती थोडंच लागतं. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षं खपून केलेला 'जय भीम कॉम्रेड' त्यातला एक मोठा ठेवा. त्यात गाणारे दिसतात आणि ऐकणाऱ्यांचे चेहरेही दिसतात.

पण डीजेला नावं ठेवणं मला मान्य नाही. मी स्वतः त्याच्यापुढं नाचतो. आणि नीट ऐकलंत तर कळेल, की चिठ्ठी मेलेली नाही. रिमिक्सच्या मध्येच ठोका थांबतो आणि आवाज येतो, अमुक मित्रमंडळ, तमुक नगर. हे नाव ट्रॅकमध्ये घालून घ्यायला मंडळं पैसे मोजतात. पाच रुपयांची चिठ्ठी आता काही हजारांची झालीय, आणि माणसाऐवजी मंडळाची. तिची भूक तीच आहे. आमचं नाव मोठ्यानं घ्या, गावाला ऐकू जाऊ द्या. फरक इतकाच, की तेव्हा खिशात पाच रुपये असलेला एकटा माणूसही ते मागू शकत होता.

आणखी एक विसंगती सांगतो. आमच्या भागात अंगारकीला राजूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. रस्त्याच्या टपऱ्यांवर भल्या पहाटे प्रल्हाद शिंदे वाजत असतात, देवाची गाणी. मंदिरात तेच, आषाढीला तेच. जे गाव त्यांची जयंतीची गाणी ऐकायला मांडवात आलं नाही, तेच गाव त्यांच्या आवाजानं उठतं. दोन्ही बाजूंना तो आवाज आपला वाटतो, पण दोन्ही बाजू एकमेकांची कॅसेट ऐकत नाहीत. प्रल्हाद शिंदेंवर काही लिहायचं तर दोन्ही गाणी एकाच पानावर ठेवावी लागतील. नुसता भक्तिगीतांचा गायक किंवा नुसता भीमगीतांचा गायक म्हणणं म्हणजे अर्धा माणूस.

माझ्या पिढीकडं आठवणींची कमी नाही. कोल्डप्लेच्या त्या रात्रीचे माझ्याकडं एकसष्ट व्हिडिओ आहेत. त्यातल्या एकातही मी कुठं होतो, शेजारी कोण होतं, कोण रडलं, हे नाही. सगळे स्टेजकडं धरलेले. चौतीस वर्षांनी मी माझ्या पोराला काय सांगणार? अण्णा खोटं सांगतात, पण त्यांच्या खोट्यात माणसं आहेत.

अण्णा अजूनही म्हणतात, की प्रल्हाद शिंदे आपल्या गावात येऊन गेले. परवा पाहुण्यांना सांगत होते, मी शेजारीच बसलो होतो. मध्येच माझ्याकडं बघून थांबले. मी काही बोललो नाही. पुढं सांगा म्हणालो.

मावशीची गाणी मी आता फोनवर रेकॉर्ड करतोय. आतापर्यंत सतरा मिनिटं झालीत. पहिली दोन मिनिटं ती फक्त "बंद कर रं ते" असंच म्हणते. मी तेही पुसलेलं नाही. फाइलला तिचं पूर्ण नाव दिलंय, मागं गावाचं नाव, आणि पुढं 'आयुष्मती'.